अनोळखी दार वाजवताना



आपल्या वस्त्यांमध्ये बायका दुखण्याबद्दल बोलायला मागेपुढे पाहत नाहीत. गुडघे, कंबर, साखर, बीपी, सगळ्याची चर्चा नळावर होते. पण "नवीन माणूस समोर आला की माझा घसा कोरडा पडतो, छातीत धडधडते, हात गार पडतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही" असे सांगणारी बाई मला इतक्या वर्षांत क्वचितच भेटली. सांगितले तरी ऐकणारा म्हणतो, "बुजरी आहे, लग्न झाले की होईल धीट." मुलगा असेल तर तेवढीही माया नाही, त्याला बायल्या म्हणून मोकळे होतात. हे दुखणे मी स्वतः भोगले आहे. माझी धाकटी मुलगी तर त्यापायी कॉलेज सोडून घरी येऊन बसली होती. तिला विचारूनच हे लिहीत आहे. "माझे नाव टाकू नकोस, बाकी सगळे लिही," असे तिने सांगितले आहे.

आधी माझे सांगते.

१९९८ साली मुंबईच्या पूर्व उपनगरात मी आरोग्य स्वयंसेविका म्हणून काम धरले. वय २८, पदरात एक मुलगा, आणि आमच्या ह्यांची नोकरी कधी असायची, कधी नसायची. मी दहावी पास होते म्हणून काम मिळाले. काम काय, तर घरोघर फिरायचे. गरोदर बाई आहे का, बाळाचे डोस झाले का, बरेच दिवस खोकला कुणाला आहे का, हे विचारायचे आणि वहीत लिहायचे. तुला अनोळखी माणसाशी बोलता येते का, असे कामावर घेताना कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी गप्पच उभी राहिले असते आणि त्यांना उत्तर आपोआप मिळाले असते!

लहानपणापासून मी अशीच. मराठवाड्यातल्या आमच्या गावी पाहुणा आला की पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवून मी मागच्या दाराने पळायचे. आई म्हणायची, "ही पोरगी कुणाच्या घरी नांदणार?" लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा चाळीत शेजारणीशी पहिले वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले होते. तेही तिच्या गॅसवर दूध उतू जात होते म्हणून.

कामाचा पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. जोडीला एक वयस्कर बाई होत्या, सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या. मी वाक्य पाठ करून आले होते : "आम्ही हेल्थ पोस्टवरून आलोय, घरात पाच वर्षांखालचे बाळ आहे का?" रस्ताभर तेच पुटपुटत होते. पहिल्या दाराशी मावशींनी मला पुढे केले. मी कडी वाजवली आणि मनात म्हणाले, कुणी नसू दे. दार उघडले. समोर एक बाई, कपाळावर घाम, हातात लाटणे. माझे अख्खे वाक्य कुठे गेले ते मला कळले नाही. मावशींनी माझ्या खांद्यावरून डोके काढून बोलून घेतले. दोन मिनिटांत नोंद झाली.

पुढच्या गल्लीत मावशींनी मला थांबवले. म्हणाल्या, "पोरी, तू दार वाजवतेस आणि स्वतःचेच तोंड बघत बसतेस. माझा आवाज कसा येतोय, माझे हात कापतात का, ती मला काय समजेल. तिला कशाला बघत नाहीस? दार उघडणाऱ्या बाईच्या हातात काय आहे ते आधी बघ."

मला तेव्हा हे थोडे विचित्र वाटले. पण करून पाहिले. हाताला पीठ असेल तर म्हणायचे, "आवरा तुमचे, आम्ही थांबतो." हातात मूल असेल तर मुलाशी बोलायचे. हातात काहीच नसेल तर उंबऱ्यावर बघायचे : छोट्या चपला आहेत का, दोरीवर दुपटी वाळत आहेत का. चपला दिसल्या की प्रश्न आपोआप तयार : "एवढ्याशा चपला कुणाच्या हो?" या एका प्रश्नावर किती दारे उघडली म्हणून सांगू! डोळे बाहेर लागले की मन आतली धडधड ऐकायचे विसरते. धडधड असते, पण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते, आपलेही नाही.

पल्स पोलिओची मोहीम आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली. रविवारी बूथवर डोस पाजायचे, आणि पुढे घरोघर फिरण्याच्या फेऱ्याही सुरू झाल्या. बर्फाच्या पाकिटांचा डबा खांद्याला, खिशात खडू आणि पेन. बाळाला दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावायची आणि दारावर खडूने खूण करायची. सगळी मुले झाली तर 'पी', कुणी राहिले असेल तर 'एक्स'. ज्या दारावर एक्स, तिथे पुन्हा जायचे. माझ्यासारख्या बाईला ती एक्सची दारे म्हणजे शिक्षाच होती. कारण तिथे एकदा नकार मिळालेला असायचा. डोसाने पुढे मुले होत नाहीत अशा अफवा त्या काळी होत्या. एका मुस्लिम आजीने आम्हाला तीन फेऱ्या दारातूनच परत पाठवले. चौथ्या वेळी मी एकटी गेले. आजींच्या हातात सुई होती आणि दोरा ओवला जात नव्हता. मी म्हटले, "द्या, मी ओवून देते." दोरा ओवला, दुसऱ्या सुईतही ओवला. मग त्यांनी आतून दोन नातवंडे आणली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेली रुग्ण ही देशातली शेवटची, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ते टीव्हीवर ऐकले तेव्हा मला त्या आजींची सुई आठवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. माझी भीती कधी पूर्ण गेली नाही. रोज सकाळचे पहिले दार जड जायचे. दहाव्या दाराला सैल वाटायचे, चाळिसाव्याला तर मी गप्पा मारत उभी असायचे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी परत थोडे पोटात गोळा. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा तोंडाला मास्क, हातात तापमापक घेऊन पुन्हा दारोदार फिरलो. बावीस वर्षे दारे वाजवून झाली होती, तरी पहिल्या दाराशी माझा घसा कोरडा पडला. मला हसूच आले. जुनी ओळखीची बाई भेटावी तशी ती भीती मला भेटली.

आता धाकटीचे.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ती नववीत होती. दहावीचे अख्खे वर्ष मोबाईलवर गेले. एका खोलीत आम्ही चौघे, तिने कॅमेरा कधी चालू केला नाही. मागे भांडी दिसतात, दोरीवरचे कपडे दिसतात, बाबा झोपलेले दिसतात. बोलायचे असेल तर टाईप करायचे. त्या वर्षी दहावीची परीक्षाही झाली नाही. मुलगी हुशार, मार्क चांगले, घरात बोलायला फटाकडी. पण वाण्याच्या दुकानातून साखर आण म्हटले तर भावाला पाठवायची. आम्हाला वाटले, वयात आली आहे, लाजत असेल.

२०२३ साली बारावी झाली आणि दुसऱ्या एका शहरात नर्सिंगच्या डिग्रीला नंबर लागला. आमच्या सगळ्या नातेवाइकांत पहिलीच मुलगी. ह्यांनी वस्तीत पेढे वाटले. मी मनात म्हटले, माझ्या आरोग्याच्या कामाला पोरीने पुढे नेले.

दोन महिनेही झाले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती सगळे सामान घेऊनच. म्हणाली, "मी परत जाणार नाही." का, कुणी मारले, कुणी छेडले? काही नाही. चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी रात्री भांडी घासताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूहळू सांगायला लागली. वसतिगृहात मेसमध्ये जायला तिला भीती वाटायची. ताट घेऊन कुठे बसायचे, कुणाशेजारी, ती काय विचारेल. म्हणून मेस चुकवायची आणि खोलीत चिवडा, बिस्कीट खाऊन राहायची. वजन पाच किलो उतरले होते. वर्गात हजेरीला "येस मॅडम" म्हणायच्या आधी तिचे पोट ढवळायचे. तिचा नंबर येईपर्यंत काय शिकवले ते तिला ऐकूच यायचे नाही. मग पहिला तास चुकवायला लागली. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही, हे तिला माहीत होते. तरी पाय उचलत नव्हता.

ह्यांचे म्हणणे पडले, "इथेच कुठेतरी बी.ए.ला टाकू." शेजारच्या काकू म्हणाल्या, स्थळ बघा. आपल्याकडे आणखी एक औषध सुचवतात : भीमजयंतीला स्टेजवर उभी करा, भाषण द्यायला लावा, भीड चेपेल. काही मुलांची चेपते, मी बघितले आहे. पण माझ्या थोरल्या मुलाने १४ एप्रिलला पाचशे लोकांपुढे भाषणे ठोकली आहेत आणि आजही तो बँकेत काउंटरवरच्या माणसाशी बोलताना चाचरतो. स्टेजवर आपण बोलतो आणि समोरचा ऐकतो. एकट्या माणसासमोर तो विचारतो आणि आपल्याला उत्तर द्यावे लागते. ही दोन वेगळी कामे आहेत. धाकटीला स्टेजवर ढकलायला मी ठाम नकार दिला.

मी तिला सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेले. केसपेपर काढून बाकावर बसलो तेव्हा तिने ओढणी नाकापर्यंत ओढली होती, कुणी ओळखीचे बघेल म्हणून. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तिला अर्धा तास दिला. म्हणाल्या, याला सोशल अँग्झायटी म्हणतात. बुजरेपणा पुष्कळांना असतो, तो आजार नाही. पण माणसे आपल्याला तोलतील, हसतील या भीतीने खाणे, शिकणे, कामाला जाणेच थांबले आणि ते सहा-सहा महिने चालले तर त्यावर उपचार लागतो, आणि उपचाराने बरे वाटते. काहींना गोळ्याही द्याव्या लागतात. हिला आधी गोळ्यांशिवाय बघू.

मग त्यांनी जे समजावले ते मला दारे वाजवून वाजवून माहीत झाले होते, फक्त त्यामागचे कारण ठाऊक नव्हते. भीती वाटली की शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करते. म्हणून छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हाताला घाम येतो. ही लाट चढते, पण चढतच राहत नाही. आपण तिथेच थांबलो तर काही वेळाने आपोआप उतरते. चढतीला असतानाच पळालो तर लगेच सुटल्यासारखे वाटते आणि शरीर चुकीचा धडा शिकते, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी लाट आणखी लवकर येते. मेस एकदा चुकवली की दुसऱ्या दिवशी मेस आणखी लांब जाते, ती अशी.

त्यांनी तिला वही करायला सांगितली. ज्या गोष्टींची भीती वाटते त्या सोप्यापासून अवघडापर्यंत लिहायच्या, पुढे दहापैकी किती भीती तो आकडा टाकायचा. सर्वांत खालची गोष्ट रोज करायची, आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. तिची सर्वांत खालची गोष्ट होती वाण्याला साबणाचा भाव विचारणे, भीती चार. मग बसस्टॉपवर अनोळखी बाईला वेळ विचारणे, पाच. तेही मोबाईल पर्समध्ये ठेवून, कारण मोबाईलमध्ये डोके घालून उभे राहणे हेही पळणेच. सर्वांत वर होते मेसमध्ये अनोळखी मुलीशेजारी ताट घेऊन बसणे, दहा. पंधरा दिवस आमच्या गल्लीतल्या वाण्याला तिने इतके भाव विचारले की तो मला म्हणाला, "ताई, पोरीचे दुकान काढताय काय?"

विहारात वर्षावासात एका भन्तेजींचे प्रवचन ऐकले होते, ते मला त्या दिवसांत आठवत होते. अंगुत्तर निकायात पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, सभेत बुजण्याचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी सभेत बुजण्याचे भय मरणाच्या भयाशेजारी बसवले, हे ऐकून माझी मलाच लाज वाटायची थांबली होती. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. ज्ञानप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ मुद्दाम भयाण रानात रात्री राहिले. चालताना भीती आली तर ती जाईपर्यंत ते चालतच राहिले, बसले नाहीत की उभे राहिले नाहीत. बसलेले असताना आली तर उठले नाहीत. मी हे धाकटीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टरबाई हेच सांगतायत की." दोघींनाही बरे वाटले.

पण वहीत एक गोष्ट तिने लिहिलीच नव्हती. ती मला नंतर कळली, आणि हे सगळे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मुलींनी तिला विचारले होते, "नाव काय? पूर्ण नाव सांग ना." मग "मार्क किती?" मग "कुठल्या कोट्यातून?" विचारणारीने पुढे काही वाईट म्हटले नाही. नुसते "अच्छा" म्हणाली आणि दुसरीकडे बघितले. त्या "अच्छा"नंतर मेस बंद झाली होती.

वाचकहो, ही शिडी आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? नाव, मग आडनाव, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, गावावरून झाला नाही तर "म्हणजे तुमच्यात देव कुठला?" मला दारोदार हीच शिडी भेटायची. एका घरी बाईने हसून दार उघडले, बाळ मांडीवर घेऊन बसली, मग आडनाव विचारले. मी सांगितले. डोस झाला, पण ती आत जाऊन आली आणि मी टेकले होते ती उंबऱ्याची जागा तिने माझ्यासमोर ओल्या फडक्याने पुसली. आम्ही खोली भाड्याने बघायला जायचो तेव्हा आडनाव ऐकून खोली दुपारीच दुसऱ्याला दिलेली निघायची.

आता डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, लोक आपल्याला वाईट समजतील असे भीतीला वाटते, पण बहुतेक वेळा लोकांचे लक्षही नसते. वाण्याच्या बाबतीत, बसस्टॉपच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. पण १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या लहान मुलांना हे कोण सांगणार? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ती हकीगत आहे. चांगले कपडे घातलेली पोरे बघून स्टेशनमास्तर आस्थेने विचारपूस करायला आला, आणि आपण महार आहोत हे ऐकताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. तिथे भीती चुकलेली नव्हती. माझ्या मुलीला "तुझी भीती खोटी आहे" असे सांगितले असते तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि बरोबरच केले असते.

मग काय सांगायचे? पंधरा दिवस मी विचार करत होते. उत्तर ६ डिसेंबरला दादरला मिळाले.

दरवर्षीसारखे आमच्या वस्तीच्या मंडळाने चैत्यभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर पाणीवाटप ठेवले होते. मी तिला बरोबर नेले. मनात धाकधूक होती, इतकी गर्दी, लाखो अनोळखी माणसे. तासाभराने बघते तर पोरगी पाण्याचे ग्लास भरून देतेय, विदर्भातून आलेल्या आज्यांना हाताला धरून सावलीत बसवतेय, "कुठून आलात आजी, रात्री झोपलात कुठे, पाय सुजलेत का" असे विचारतेय. एका आजीचा पाय बघून तिने सरळ रांगेतल्या पोलिसाला जाऊन विचारले, डॉक्टरांचा तंबू कुठे आहे! त्या दिवशी ती शंभराच्या वर अनोळखी माणसांशी बोलली असेल.

परतीच्या लोकलमध्ये मी विचारले, "आज वहीत किती आकडा?"

ती जरा थांबून म्हणाली, "शून्य गं. तिथे कुणी विचारत नाही ना आई. जयभीम म्हटले की झाले."

त्यावरून आम्हा दोघींना उलगडले. तिची जीभ काही बिघडलेली नव्हती. अनोळखी माणसाची भीती तिला नव्हतीच, तोलले जाण्याची होती. त्या एका भीतीत दोन धागे वळले होते. एक शरीराचा, तो वहीने आणि सरावाने सैल होत होता. दुसरा त्या "अच्छा"चा. हा धागा तिच्या मनाने विणलेला नव्हता, तो बाहेरून आलेला होता. त्याला तिचा आजार म्हणणे अन्यायाचे झाले असते. पण त्याच्यासाठीही काहीतरी तयारी हवी होती, नाहीतर पहिला धागा सुटूनही मेस बंदच राहिली असती.

मी तिला माझी पद्धत सांगितली. दारात आडनाव विचारले की मी पूर्ण आवाजात सांगते, घाई न करता, आणि लगेच कामाचे बोलते : "आता बाळ आणता का?" समोरच्या बाईचा चेहरा बदलतो की नाही ते बघायला मी थांबत नाही. बदलला तर तो तिचा चेहरा आहे. तिला पटले, पण तिने स्वतःची वेगळी वाट काढली. म्हणाली, "मी विचारायच्या आधीच सांगणार. वाट बघण्यातच जीव जातो." खरेच आहे. कडी वाजवल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ सर्वांत वाईट असतो. प्रत्येक मुलीला ही वाट जमेल असे मी म्हणत नाही. जिथे सांगितल्याने नोकरी, खोली किंवा जीव धोक्यात येतो तिथे गप्प राहणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. आणि कुणी जातीवरून घालूनपाडून बोलले, त्रास दिला, तर ते मेसच्या वहीत लिहून सोसायचे नाही. त्याला लेखी तक्रार आणि कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे.

डिसेंबरच्या मध्यावर ती परत गेली. मी सोडायला गेले होते, पण फाटकाच्या आत गेले नाही, तिनेच नको म्हटले. त्या रात्री मेसमध्ये एकट्या बसलेल्या एका मुलीसमोर ताट ठेवून ती म्हणाली, "मी अमुक अमुक, बौद्ध आहे, मुंबईची. इथे बसू का?" ती मुलगी नंदुरबारकडची, आदिवासी. तीही दीड महिना कुणाशी बोलली नव्हती. वहीत त्या दिवसाचा आकडा आहे नऊ, आणि जेवण संपेपर्यंतचा पाच. ती "अच्छा" म्हणणारी मुलगी अजूनही फारशी बोलत नाही. तिचा आकडा धाकटीने वहीत घेतलाच नाही.

ज्यांच्या घरात असे मूल आहे आणि दवाखाना लांब आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. केंद्र सरकारची टेली-मानस ही मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हणजे याच रोग्याला अवघड काम, हे मी जाणते. पहिला फोन आईने किंवा भावाने लावून दिला तरी चालतो. आमच्याकडे थोरल्याने एका मित्रासाठी लावला होता. आधी दहा मिनिटे तोच घाम पुसत बसला होता!

आता धाकटी तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात ड्युटी असते. प्रत्येक खाटेपाशी नवीन माणूस. मी तिला मावशींची गोष्ट सांगितली होती, हातात काय आहे ते बघ म्हणून. ती म्हणते, "आई, पेशंटच्या हातात बहुतेक सलाईन असते, मग मी उशाजवळ काय आहे ते बघते." कुणाच्या उशाजवळ नातवाचा फोटो असतो, कुणाच्या पंचांग, एकाच्या तर दाढीचे सामान होते, म्हणून तिने त्याची दाढीच करून दिली. वर्गात सेमिनार मात्र अजून जड जातो. गेल्या वेळी बोलता बोलता आवाज गेला, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केले. पुढचा सेमिनार येत्या महिन्यात आहे. विषय मिळाला आहे, क्षयरोग. माझ्या जुन्या वह्या मागवल्या आहेत तिने, उद्या कुरिअर करायच्या आहेत.